नवी मोटारसायकल की सेकंडहँड? हिशेब, तपासणी आणि निर्णय

‘नवी घ्यावी की जुनी?’ असं नुसतं विचारलं तर त्याला उत्तर नाही. एका मॉडेलच्या सगळ्या नव्या गाड्या सारख्याच असतात, जुनी मात्र प्रत्येक वेगळी. एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या पाच वर्षांनी पाहिल्या, तर एकीला ऑइल बदलण्यापलीकडे काही लागलेलं नसतं आणि दुसरीचं इंजिन उघडायची वेळ आलेली असते. म्हणून तुलना करायची ती एका ठरावीक नव्या गाडीची आणि समोर स्टँडवर उभ्या असलेल्या एका ठरावीक जुन्या गाडीची. मालक सांगेल त्या आकड्यात त्या गाडीचं तुंबलेलं काम मिळवलं की तिची खरी किंमत कळते. ते काम कसं ओळखायचं, हाच या लेखाचा मोठा भाग आहे.

आधी कागदावर हिशेब

गाडी किती वर्षं वापरणार हे पहिल्यांदा ठरवा. मग दोन्ही गाड्यांसाठी एकच बेरीज मांडा: खरेदी, नोंदणी किंवा नाव बदलण्याचा खर्च, विमा, कर्जाचं व्याज, लगेच करायची कामं आणि त्या काळातली सर्व्हिसिंग. त्यातून शेवटी विकताना येणारी रक्कम वजा करा. उरलेला आकडा म्हणजे ती गाडी वापरण्याचा खरा खर्च.

समजा नव्या गाडीची किंमत १०० धरली. नोंदणी आणि विमा १५, तीन वर्षांची सर्व्हिसिंग ६. एकूण १२१. तीन वर्षांनी ती ६० ला गेली, तर खर्च झाला ६१. तेच मॉडेल तीन वर्षं वापरलेलं ६० ला मिळतंय. नाव बदलणं आणि विमा ६, लगेच करायचं काम १०, सर्व्हिसिंग १०. एकूण ८६, विकताना ४०, म्हणजे खर्च ४६. जुनी १५ ने स्वस्त पडली. पण त्याच गाडीत रिंग-पिस्टनचं २० चं काम निघालं तर खर्च ६६ वर जातो आणि नवीच परवडली असती असं म्हणायची वेळ येते. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. एका मोठ्या कामाने सगळा हिशेब उलटू शकतो, हे मात्र लक्षात ठेवा.

या हिशेबात दोन गोष्टी लोक विसरतात. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजदर बहुधा जास्त असतो आणि मुदत कमी मिळते, त्यामुळे किंमत कमी असूनही हप्ता जड जाऊ शकतो. दुसरी गोष्ट हेल्मेट, हातमोजे, जॅकेट आणि बूट यांची. त्यांचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्या रकमेत गाडी बघा.

नव्या गाडीची किंमत सगळ्यात जास्त घसरते ती पहिल्या वर्षात. दोन-तीन वर्षांत गाडी बदलणार असाल, तर ही घसरण आधीच्या मालकाने सोसलेली बरी. आठ-दहा वर्षं एकच गाडी ठेवणार असाल, तर तीच घसरण इतक्या वर्षांवर पसरते की तिचं ओझं वाटत नाही. शिवाय पहिल्या दिवसापासून ऑइल कधी बदललं, गाडी कशी चालवली, हे सगळं तुमच्या हातात राहतं.

कोणाला काय सोयीचं

रोज ठरलेल्या वेळी कामावर पोहोचायचं आहे, घरात दुसरं वाहन नाही, स्वतः पाना हातात धरायची सवय नाही आणि भरवशाचा मेकॅनिकही जवळ नाही, अशा माणसाने नवीच घ्यावी. बिघाडाचा प्रत्येक दिवस त्याला महाग पडतो.

नुकतंच शिकणाऱ्याने जुनी, हलकी आणि साधी गाडी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिकताना गाडी उभ्या उभ्या आडवी होतेच. लिव्हर मोडतो, इंडिकेटर फुटतो, टाकीला पोचा येतो. जुन्या गाडीवर हे झालं तर मन लागून राहत नाही. मात्र जुनी घेताना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेलं वर्षच शोधा. नवशिक्याकडून घाबरून समोरचा ब्रेक गच्च आवळला जातो आणि तिथेच चाक लॉक होऊन गाडी निसटते.

मोठी, जास्त सीसीची गाडी हौसेने घेणाऱ्यांना जुन्या बाजारात सगळ्यात चांगले सौदे मिळतात, कारण अशा गाड्या बऱ्याचदा कमी चालवलेल्या असतात. पण त्यांचे पार्ट महाग असतात. मॉडेल बंद झालेलं असेल, तर हेडलाइट, क्लच प्लेटांचा सेट आणि ब्रेक डिस्क या तीन वस्तू आज मिळतात का आणि कितीला मिळतात, हे गाडी बघायला जाण्याआधी विचारून घ्या. तिन्हींपैकी एक जरी मिळत नसेल, तर ती गाडी सोडा.

कमी रनिंगचा मोह

दहा वर्षांची गाडी आणि मीटरवर फक्त ४,००० किलोमीटर, ही जाहिरात ऐकायला गोड लागते. पण उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर जाम होतात. अर्धी रिकामी टाकी आतून गंजते, ऑइल सील कोरडे पडून कडक होतात, बॅटरी मरते, टायरचं रबर दगडासारखं होतं. नियमित चाललेली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली ३०,००० किलोमीटरची गाडी अशा गाडीपेक्षा कितीतरी भरवशाची असते.

मीटर खरं बोलतंय का, हे गाडीच्या अंगावरून कळतं. हँडलची ग्रिप, ब्रेक पेडलचं टोक, फूटरेस्टचं रबर, किल्लीचे दात आणि सीटची कड पाहा. मीटरवर ८,००० आणि पेडल झिजून चकचकीत झालेलं असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसच्या जुन्या बिलांवर त्या त्या तारखेचे किलोमीटर लिहिलेले असतात. ते क्रमाने वाढत गेलेले दिसले पाहिजेत.

बघायला जाण्याआधी

फोनवर एवढं विचारा: तुम्ही कितवे मालक, गाडी का विकताय, पडली होती का, शेवटचं ऑइल कधी बदललं, कर्ज फिटलंय का, बिलं आहेत का. आणि एक गोष्ट निक्षून सांगा: ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं.

दिवसाउजेडी जा. नुकत्याच धुतलेल्या, ओल्या गाडीवर बारीक पोचे आणि रंगातला फरक दिसत नाही. सोबत टॉर्च, पांढरं फडकं, साधा मल्टिमीटर आणि जाणता माणूस असू द्या.

उभ्या गाडीची तपासणी

पोहोचल्याबरोबर इंजिनच्या बाजूला हाताचा मागचा भाग अलगद जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर मालकाने गाडी आधीच गरम करून ठेवलेली आहे. ती थंड होईपर्यंत बाकीचं बघा, किंवा दुसऱ्या दिवशी या.

*चेसिस आणि पडल्याच्या खुणा.* चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. सगळ्यात आधी हे, कारण वाकलेल्या चेसिसची गाडी कुठल्याही किमतीला महागच. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. ते जिथे अडतं तिथे चेसिसवर छोटे ठोकळे असतात. एखादा चेपलेला किंवा तुटलेला असेल, तर गाडी जोरात आदळलेली आहे. हँडलच्या मानेभोवतीचा रंग तडकलेला, सुरकुतलेला किंवा तेवढ्याच भागात नवा दिसला तरी तोच अर्थ. लिव्हरची टोकं, हँडलचे शेवट, फूटरेस्ट आणि सायलेन्सर यांवर एकाच बाजूला खरचटलेलं असेल, तर गाडी घसरली आहे. नुसतं एवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही, भाव मात्र कमी होतो. मग मागे दहा पावलांवर उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का पाहा.

*पुढचे फोर्क आणि कोनसेट.* फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवा सील घातला तरी तो पुन्हा फाटणार. पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाचदा दाबा आणि पांढरं फडकं नळीवरून फिरवा. ऑइलचं कडं उमटलं तर सील गेले. हे ऑइल खाली ब्रेक पॅडवर उतरलं असेल, तर पॅडही बदलावे लागतात. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू वळवा. मधोमध आल्यावर ‘टक’ करून बसल्यासारखं वाटलं, तर कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खाच पडली आहे. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवल्यावर खडखड लागली, तर कोनसेट सैल आहे.

*चाकं आणि टायर.* चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवा. हललं तर बेअरिंग गेलं. रिम फिरवून डोलते का पाहा. तारांची चाकं असतील तर पान्याने प्रत्येक तार वाजवा. सैल तारेचा आवाज बोदा येतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच, असं धरून दोन्हींची किंमत हिशेबात लिहा.

*चेन आणि स्प्रॉकेट.* मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) अगदी मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन ताणली गेली आहे. दात समुद्राच्या लाटेसारखे एका बाजूला कलले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावे लागतात. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर ती लवकर खराब होते. चाक फिरवताना चेन कुठे सैल, कुठे ताठ होत असेल तरीही संपूर्ण सेट गेला असं समजा.

*ब्रेक.* डिस्कवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. कडेला नखाला लागणारा उंच कंगोरा जाणवला, तर डिस्क बरीच झिजली आहे. पॅडचा मसाला २ मिलिमीटरच्या खाली आला असेल तर बदलायला झाला. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट असेल, तर ते बरंच जुनं आहे. ते हवेतलं पाणी शोषतं आणि जास्त गरम झाल्यावर लिव्हर पोकळ लागतो.

*पाण्यात बुडालेली गाडी.* सीट काढा. वायरच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा थर, कोपऱ्यांत वाळलेला गाळ आणि मीटरच्या काचेत आतून साचलेली वाफ एकत्र दिसली, तर सौदा तिथेच थांबवा. अशा गाडीची वायरिंग वर्षानुवर्षं त्रास देते.

टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. आत लाल गंज असेल तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही. इंजिन ऑइलचं झाकण काढून पाहा. ऑइल काळं असलं तरी चालेल, पण दुधाळ, फेसाळ असेल तर आत पाणी आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात ते हेड गॅस्केट किंवा पंपाच्या सीलचं लक्षण असू शकतं. ऑइलमध्ये चमचमणारे धातूचे कण दिसले तर पुढे काही बघू नका.

चालू करताना

किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा आणि एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिनाचा दिवा गाडी सुरू झाल्यावर, एबीएसचा थोडं चालल्यावर विझतो. दिवा मुळीच लागला नाही, तर तो मुद्दाम काढून टाकलेला असू शकतो.

बॅटरीला मल्टिमीटर लावा. बंद गाडीत १२.४ ते १२.७ व्होल्ट हवेत. सुरू करून साधारण ४,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १३.५ ते १४.५ च्या दरम्यान. त्याहून कमी असेल तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर (तिचा दाब आवरणारा भाग) गेला असावा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बॅटरीला उकळवतोय. या दोन मिनिटांच्या तपासणीने मोठा खर्च टळतो, तरी फार थोडे लोक ती करतात.

आता धूर. थंडीत पहिल्या मिनिटभर पांढरी वाफ निघते, ती साधीच. सुरू करताना निळा धूर येऊन नंतर थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे सील गेले. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर वाढत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत आणि इंजिन उघडावं लागणार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते बहुधा कमी खर्चात सुधारतं. आवाजही ऐका. वरून येणारी बारीक, नियमित ‘टिकटिक’ टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) असते, ती सेट करता येते. बाजूने येणारी साखळीसारखी खडखड टायमिंग चेन किंवा तिच्या टेन्शनरची. आणि खालून, पोटातून येणारी जड ‘ठकठक’ ऐकू आली, तर क्रँकचं बेअरिंग गेलेलं आहे. ती गाडी घेऊ नका.

ट्रायल

विमा चालू आहे याची खात्री करून किमान १५ मिनिटं चालवा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण द्या. आरपीएम वाढला आणि गाडी तेवढी धावली नाही, तर क्लच प्लेटा घसरताहेत. दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या, मग एकदम सोडा. गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्स उघडण्याचं काम आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर संथ वेगात हँडल घट्ट न धरता गाडी एका बाजूला ओढते का बघा. हात पूर्ण सोडू नका. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा. पुढचा दाबताना लिव्हर हातात धडधडला तर डिस्क वाकडी. परत आल्यावर इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम असताना न सुरू होणारी गाडीही असते. मग खाली वाकून ऑइलचे ताजे थेंब शोधा.

यादी आणि भाव

सापडलेली प्रत्येक गोष्ट लिहून तिच्यापुढे पार्ट आणि मजुरी मांडा. टायर, चेन सेट, पॅड, बॅटरी, फोर्क सील ही झिजेची कामं आहेत. ती सगळ्या गाड्यांना लागतात, त्यांच्याएवढी रक्कम मागितलेल्या भावातून कमी करायला सांगणं रास्त आहे. इंजिन उघडणं, गिअरबॉक्स, वायरिंग आणि चेसिस यांचा अंदाज बाहेरून लागत नाही. यांतलं एकही काम यादीत आलं तर घासाघीस करू नका, दुसरी गाडी बघा.

कागदांवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा, नवा रंग किंवा वाकडी अक्षरं दिसली तर तिथून निघा. विकणाऱ्याचं नाव मालक म्हणून कागदावर हवं. कर्ज होतं तर ते फिटल्याचं लेखी पत्र हवं. ‘नाव नंतर बदलू’ याला कधीही होकार देऊ नका.

नवी ठरली तर

नवी म्हणजे तपासायचं काही नाही, हा गैरसमज आहे. गाडीवरच्या माहितीच्या पट्टीवर ती बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. ती वर्षभर उभी असेल, तर पुढे विकताना गेल्या वर्षाचीच गाडी म्हणून भाव मिळतो. त्यामुळे सूट मिळाली तरच ती घ्या आणि बॅटरी नवी मागा. पहिल्यांदाच बाजारात आलेलं मॉडेल असेल, तर काही महिने थांबणं शहाणपणाचं. सुरुवातीच्या गाड्यांमधले दोष तोवर बाहेर येतात. वॉरंटीच्या कागदात काय येत नाही ते वाचा. पॅड, चेन, क्लच प्लेटा, केबल बहुधा येत नाहीत. बाहेरून जास्तीचे दिवे लावताना वायर कापली, तर पुढे वायरिंगची तक्रार कंपनी मान्य करत नाही.

पहिले १,००० किलोमीटर एकाच वेगावर लांब पल्ला मारू नका, ॲक्सिलरेटर पूर्ण देऊ नका आणि मोठ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ओढू नका. वेग बदलत राहा. पहिली सर्व्हिस वेळेवरच करा, कारण नव्या भागांच्या घासण्याने निघालेले धातूचे कण त्या पहिल्या ऑइलबरोबर बाहेर पडतात. नवे टायर पहिले १५० किलोमीटर घसरतात, तोवर वळणावर गाडी कमी वाकवा.

जुनी ठरली तर पहिला आठवडा

मालक काहीही म्हणो, इंजिन ऑइल आणि फिल्टर, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग लगेच बदला. काढलेला प्लग टाकून देण्याआधी त्याचं टोक पाहा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक जळतंय, काळं आणि ऑइलने ओलं असेल तर तपासणीत काहीतरी सुटलंय. चेन धुऊन तेल द्या आणि मॅन्युअलमधल्या मापाइतकी सैल ठेवा. बऱ्याच गाड्यांना ते माप २५ ते ३५ मिलिमीटर असतं. टॅपेटचं अंतर मोजून घ्या. त्या दिवशीचे किलोमीटर आणि तारीख वहीत लिहा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइलची पातळी पुन्हा बघा. ती लक्षात येण्याइतकी उतरलेली असेल, तर धूर दिसत नसला तरी गाडी ऑइल खातेय.